एका दशकाचा अल्बम: श्रीनगर, पुणे, पेण, रोहा

जुलै २०१९ मध्ये श्रीनगरच्या अहमर जावेद या तरुण रॅपरचा ‘लिटल किड, बिग ड्रीम्स’ हा अल्बम आला. नव्वदच्या दशकात जन्मलेल्या, बंदुकांच्या सावलीत लहानाच्या मोठ्या झालेल्या मुलाने आपलं बालपण त्यात काश्मिरी आणि उर्दूत सांगितलं होतं. अल्बम येऊन पुरता महिनाही झाला नव्हता तोच ५ ऑगस्ट उजाडला. अनुच्छेद ३७० चा निर्णय झाला, खोऱ्यातले फोन आणि इंटरनेट बंद पडले. ज्यांची ही कहाणी होती, त्यांनाच ती इंटरनेटवर ऐकायची सोय उरली नाही. दिल्ली-मुंबईतल्या रसिकांनी ऐकली, वाखाणली.

या अल्बमचं संगीत ज्याने केलं, तो निर्माता ‘सेझ ऑन द बीट’ या नावाने ओळखला जातो. रायगडच्या पेण तालुक्यातल्या माणसाला हे नाव ऐकून हसू येईल किंवा राग तरी येईल. त्याच्याकडे ‘सेझ’, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, म्हटलं की संगीतकार नाही, भूसंपादनाची नोटीस आठवते. माझा प्रश्न इथेच सुरू होतो. श्रीनगरच्या मुलाने आपल्या दशकाचा हिशेब गाण्यातून मांडला. पेण आणि रोह्याच्या मुलांच्या वाट्याला २००५ ते २०१५ हे दशक आलं. त्याचा हिशेब कोण मांडणार?

आधी या संगीताची घडण बघू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने एका घरगुती समारंभात रेकॉर्डी वाजवल्या. तो हिप-हॉपचा वाढदिवस मानला जातो. त्या वस्तीच्या दैन्याला अनेक कारणं होती, पण एक कारण रस्ता होता. क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे नावाचा महामार्ग वस्त्यांच्या पोटातून काढला गेला, हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली आणि उरलेल्यांच्या घरांची किंमत बसली. महामार्गाने मोडलेल्या मोहल्ल्यातून हे संगीत आलं. मुंबई-गोवा महामार्गावर राहणाऱ्यांना हे फार समजावून सांगावं लागणार नाही.

पुढे या संगीतात एक खास प्रकार रुजला, वाढत्या वयाचा अल्बम. नासचा ‘इल्मॅटिक’ १९९४ चा. विशीच्या उंबरठ्यावरच्या पोराने क्वीन्सब्रिजच्या सरकारी घरांतलं आयुष्य त्यात सांगितलं आणि त्याच्या वडिलांनी, ओलू दारांनी, एका गाण्यात कॉर्नेट वाजवलं. केंड्रिक लमारचा ‘गुड किड, मॅड सिटी’ २०१२ चा. १९९२ ची लॉस एंजेलिसची दंगल झाली तेव्हा हा मुलगा पाच वर्षांचाही नव्हता. त्याच्या अल्बममध्ये गाण्यांच्या मध्ये आईवडिलांनी फोनवर ठेवलेले निरोप ऐकू येतात. दंगल, टोळ्या, पोलीस हे सगळं बाहेर चालू असताना घरातली माणसं काय बोलत होती ते त्या निरोपांमधून कळतं. आपल्याकडे दिल्लीच्या टिळक नगरातल्या प्रभदीपने २०१७ मध्ये ‘क्लास-सिख’ केला. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाची सावली त्या वस्तीवरून अजून हललेली नाही. पुण्याच्या ताडीवाला रोड भागात वाढलेल्या एमसी स्टॅनचा ‘तडीपार’ २०२० चा. भाषा वस्तीतली हिंदी, अधूनमधून मराठीचा ठेका. पुढे २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’ जिंकला आणि ज्यांनी त्याची गाणी कधी ऐकली नव्हती त्यांनीही त्याच्या केसांवर मतं दिली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. इतिहास सांगायचा म्हणून कुणी बसलेलं नाही. घर सांगितलं, गल्ली सांगितली, इतिहास आपसूक आत आला.

आता पेण-रोहा. समजा, एक मूल १९९८ साली जन्मलं. कोकण रेल्वे रोह्यापासून पुढे सलग धावू लागली ते हेच वर्ष. हे मूल पेणच्या खारेपाटात वाढलं असेल तर त्याने पहिल्यांदा पाहिली असेल ती उघाडी. धरमतर खाडीच्या कडेने शेतजमिनीला मातीचा बांध घातलेला असतो, त्याला बाहेरकाठा म्हणतात. त्या बांधातलं दार म्हणजे उघाडी. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी दार ढकलून खाडीत जातं. भरतीला खाडीचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. दिवसातून दोनदा हा व्यवहार बिनबोभाट चालतो. पण उधाणाला बांधाला खांड पडली की खारं पाणी भाताच्या खाचरात शिरतं आणि मीठ जमिनीत बसलं की काही वर्षं तिथे दाणा पिकत नाही. मग गाव जमतं, चिखलाचे गोळे हातोहात पुढे जातात, खारलँड खात्याला शिव्या घातल्या जातात. बांध राखणं हे इथलं सामुदायिक शिक्षण आहे आणि पुढच्या सेझविरोधी आंदोलनाचं मूळ मला तरी इथे दिसतं. जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या समुद्राला अडवत आली, त्यांना एका अधिसूचनेने जमीन सोडा म्हणणं सोपं नव्हतं.

हे मूल सात वर्षांचं असताना २६ जुलै २००५ आला. मुंबईचा पाऊस सगळ्यांच्या लक्षात राहिला, रायगडचा राहिला नाही. महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण या गावांवर दरडी कोसळल्या. मुंबईत पाणी तुंबलं तेव्हा कॅमेरे होते, इथे चिखल उपसणारे हात होते.

त्याच वर्षी विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा संसदेत मंजूर झाला, फेब्रुवारी २००६ मध्ये तो लागू झाला. उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतल्या ४५ गावांची मिळून सुमारे १० हजार हेक्टर जमीन ‘महामुंबई सेझ’साठी घ्यायचं ठरलं. पाठीशी रिलायन्स समूह. पेणच्या शेतकऱ्यांचा मुद्दा साधा होता. तालुक्यात भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण आहे. त्याच्या लाभक्षेत्रात आमची गावं येतात, कालव्याचं पाणी आम्हाला मिळायचं आहे, मग ओलिताखालची जमीन घेता कशी? गंमत अशी की धरणाचं पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईच्या नळाला पोचलं आणि पेणच्याच वाशी-शिर्की भागातल्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत राहिल्या. शेकापचे ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील वयाच्या ऐंशीच्या घरात या लढ्यात उभे होते. कार्यकर्त्या उल्का महाजन आणि त्यांचे सहकारी गावोगाव बैठका घेत होते. मोर्चे, उपोषणं, हरकतींचे गठ्ठे.

रविवार, २१ सप्टेंबर २००८. पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारी यंत्रणेने मतदान घेतलं. उमेदवार नाही, चिन्ह नाही, प्रश्न एकच, जमीन सेझला द्यायची की नाही. सेझच्या प्रश्नावर देशात असं जनमत पहिल्यांदाच घेतलं जात होतं. बरोबर सहा दिवसांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्सचं दिवाळं वाजलं होतं. जगाचा पैसा कोसळत असताना आगरी-कुणबी शेतकरी भाताच्या जमिनीवर मत देत होते. कौल प्रचंड बहुमताने विरोधात गेला. २००९ मध्ये भूसंपादनाची मुदत संपली आणि प्रकल्प बारगळला. आपलं मूल तेव्हा दहा-अकरा वर्षांचं. शाळेच्या खोलीत मतदान असलं की मुलांना काय दिसतं? बाकं एका कोपऱ्यात ढकललेली, फळ्यावर कालची गणितं, बापाच्या बोटावर शाई. असं एखादं चित्र कुठल्याही अहवालात सापडायचं नाही.

जिंकलेल्या गावाच्या तोंडची चव दोन वर्षांत गेली. पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक १९३५ सालची. तालुक्याच्या दृष्टीने ती बँक म्हणजे घरचीच पेढी. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. बोगस कर्जखाती आणि काही शे कोटींचा घोटाळा उघड झाला. ठेवीदार दोन लाखांच्या आसपास. पुढे परवानाही गेला. निर्बंधांचा महिना बघा कुठला होता. त्या वर्षी गणेश चतुर्थी ११ सप्टेंबरला होती. पेण, हमरापूर, जोहे इथल्या मूर्तिकारांसाठी हाच वर्षाची कमाई हातात यायचा काळ. कारखान्यातल्या कामगाराची भिशी, पापड-पोह्यांचा धंदा करणाऱ्या बाईची ठेव, मुलीच्या लग्नाचा पैसा, सगळं एका सूचनाफलकामागे अडकलं. ठेवीदारांनी संघर्ष समिती केली, मोर्चे काढले, कोर्टात गेले. जमीन वाचवलेल्या तालुक्याचा पैसा बुडाला. सेझच्या वेळी शत्रू बाहेरचा होता, त्यामुळे घोषणा देणं सोपं होतं. बँकेच्या वेळी शत्रू गावातला, ओळखीचा, लग्नात पंगतीला शेजारी बसणारा. या दुःखाला गावात नीट शब्द मिळाले नाहीत असं मला वाटतं. अशा गोष्टी मोर्चात बोलता येत नाहीत, त्या स्वयंपाकघरात बोलल्या जातात.

नंतरचं भराभर सांगतो. २०११ मध्ये पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा महामार्ग रुंद करायला घेतला. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड सगळी त्याच पट्ट्यात. ते काम वर्षानुवर्षं रखडलं आणि एक पिढी खड्डे आणि धुळीतून कॉलेजला गेली. वरसई खोऱ्यातलं बाळगंगा धरण सिंचन घोटाळ्याच्या चौकशीत अडकलं. डोलवीचा पोलाद कारखाना २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूकडे गेला आणि वाढत राहिला.

रोह्याची कहाणी थोडी वेगळी आहे आणि पेणच्या सावलीत ती नेहमी मागे राहते. तालुक्यातल्या नागोठण्याला आयपीसीएलचा कारखाना. तिथे नोव्हेंबर १९९० मध्ये वायुगळती होऊन स्फोट झाला, तीसहून अधिक माणसं गेली. २००२ मध्ये आयपीसीएलचं व्यवस्थापन रिलायन्सकडे गेलं. म्हणजे सेझच्या वेळी रोह्याला हे नाव नवीन नव्हतं. धाटावला एमआयडीसी, रसायनांचे कारखाने, शेजारून कुंडलिका. या नदीचा प्रवासच विलक्षण आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर ज्या धरणाला विरोध केला, त्या धरणाचं पाणी सह्याद्रीतून बोगद्याने भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, टर्बाइन फिरवून कुंडलिकेत येतं, कोलाडला शहरी पर्यटक त्याच्यावर राफ्टिंग करतात आणि रोह्याजवळ त्याला रसायनांचा वास लागतो. पुढे रेवदंड्याच्या खाडीवर मासेमार जाळं टाकून बसलेला असतो. एका नदीत शंभर वर्षांचा रायगड आहे. त्यावर तीन कडवी आणि एक हूक कुणी लिहिली तर निम्मा अल्बम झाला समजा. २०१२ च्या सुमारास दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी रोहा, माणगाव, तळा इथल्या गावांना भूसंपादनाच्या नोटिसा आल्या आणि पेणमध्ये जे घडून गेलं होतं त्याची दुसरी फेरी इथे सुरू झाली.

एवढा मालमसाला असलेल्या भागात गाण्याची वानवा आहे का? अजिबात नाही. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, विधीचा प्रत्येक टप्पा तिच्या गळ्यातून पुढे सरकतो. रोहा-माणगावच्या बाजूला कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आणि बाल्या नाच. आगरी-कोळी गीतांची तर आज मोठी बाजारपेठ आहे. हळदीची रात्र, एकवीरा आई, बेंजो, डीजे आणि यूट्यूबवर धडाधड येणारी गाणी. या गाण्यांना नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. दिवसभर कंपनीत राबलेल्या माणसाला रात्री नाचायचं असतं आणि त्यासाठी पक्कं वाजणारं गाणं लागतं. पण बाजार हळदीचा असला की हळदीचीच गाणी होणार. २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ आणि ‘तांबडी चामडी’ यांनी मराठी गाणं देशभर वाजवलं, ती दोन्ही नाचायची गाणी. त्यांचा दोष नाही, दिशा तेवढी कळते.

आगरी बोलीत रॅपला लागणारा दारूगोळा तयार आहे. ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’, ‘ड’चा ‘र’. गाडीची गारी, वाडीची वारी, साडीची सारी. प्रमाण मराठीत ‘वाडी’ आणि ‘भारी’ यांचं यमक जुळत नाही, आगरीत सहज जुळतं आणि पुढे ‘दारी’, ‘कैवारी’ रांगेत येऊन उभे राहतात. पाण्याचं ‘पानी’ झालं की त्याचं यमक थेट ‘अंबानी’शी बसतं. सेझच्या दशकात यापेक्षा टोकदार जोडी कुठली मिळणार! शिवाय बोलण्याचा वेग. पेणच्या बाजारात मासळीचा भाव करणाऱ्या बाईचं एक वाक्य ऐकलं तर चार ठोक्यांत किती शब्द कोंबता येतात याचं प्रात्यक्षिक मिळतं.

मग अडलं कुठे? शाहिरी म्हणजेच आपला रॅप, असं व्यासपीठांवर हल्ली सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, त्यांच्या मागून आलेले आंदोलनाचे शाहीर यांचं सर्वनाम ‘आम्ही’ आहे. ते गर्दीच्या वतीने गर्दीला गातात. रायगडला या ‘आम्ही’ची जुनी सवय आहे. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चाललेला चरीचा शेतकरी संप, १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह, जानेवारी १९८४ चा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा जासईचा लढा आणि त्यात गोळीबारात गेलेले पाच हुतात्मे. या सगळ्याची आठवण मोर्चात, हुतात्मा स्तंभावर, भाषणांत जपली गेली. रॅपचं सर्वनाम ‘मी’ आहे. आणि तो ‘मी’ नेहमी शूर नसतो. तो घाबरतो, घरातल्यांवर चिडतो, शेजाऱ्याकडे नवी गाडी आली म्हणून जळतो. सेझविरोधी लढ्यात जमीन विकायला तयार असलेला काका आणि विकणार नाही म्हणणारा बाप एकाच ओटीवर बसलेले असतील तर शाहीर त्या दोघांचं काय करणार? तो बापाची बाजू घेईल आणि पुढे जाईल. रॅपरला दोघंही लागतात, कारण काकाच्या मांडीवर तो खेळलेला असतो. आंदोलनाच्या साहित्यात नेमकी हीच जागा रिकामी राहते.

दोन्ही आवाज एकत्र आणता येतात, हे मुंबईच्या ‘स्वदेसी’ गटाने २०१९ मध्ये दाखवलं. ‘द वारली रिव्हॉल्ट’ या गाण्यात एमसी मवालीच्या रॅपबरोबर आरेच्या जंगलातल्या केलटीपाड्याचे वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरेत रातोरात झाडं तोडली गेली आणि ते गाणं बातम्यांच्याही पुढे पोचलं. नासच्या अल्बममध्ये वडिलांचं वाद्य, इथे पाड्यावरच्या जाणत्याचा गळा. पेणच्या अल्बममध्ये धवलारीण का नसावी? आणि रोह्याच्या कातकरी वाडीवरचं पोर, जे दर वर्षी आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातं आणि ज्याची शाळा दिवाळीनंतर सुटते, त्याचा तर सगळाच अल्बम वेगळा होईल. सेझ असो वा नसो, त्याच्या नावावर सातबाराच नव्हता.

धोके आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणाने राज्यातल्या सत्तांतरावर रॅप केला. त्यात ना पक्षाचं नाव होतं ना नेत्याचं, तरी अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात मुंबईत उमेश खाडे या रॅपरवरही कारवाई झाली. मोठ्या शहरात चार वकील आणि चार पत्रकार उभे राहतात. तालुक्याच्या गावात कारखान्याबद्दल गायलं तर त्याच कारखान्यात कंत्राटी कामावर असलेल्या भावाला आधी विचारलं जातं. पोलिसांपेक्षा हा दट्ट्या मोठा आहे आणि तो कुठल्याच एफआयआरमध्ये दिसत नाही.

तरी खर्चाचं म्हणाल तर हे काम आज कधी नव्हतं इतकं स्वस्त आहे. बीट मोबाइलवर बनते, माइक हजार-दोन हजारांत येतो, दिवा-रोहा गाडीच्या डब्यात लिहायला भरपूर वेळ मिळतो. ज्याची वाट बघायची ती हिंमत आणि कच्चा माल. हिंमत पोरांची पोरं आणतील. कच्चा माल आपल्या घरात आहे.

म्हणून या दिवाळीत पेण-रोह्याच्या वाचकांना एक सांगणं आहे. साफसफाईत जुनं कपाट उघडाल तेव्हा पेण अर्बनचं पासबुक, भूसंपादनाची नोटीस, हरकतीच्या अर्जाची पोच, २००८ च्या सभेचं पत्रक यांतलं काही हाती लागलं तर रद्दीत टाकू नका. घरात यमकं जुळवणारं एखादं पोर असेल तर त्याला जवळ बसवा आणि त्या कागदामागची गोष्ट नावानिशी, भांडणासकट, आपल्याच बोलीत सांगा. काकाने काय म्हटलं तेही सांगा. त्याने फोनवर रेकॉर्ड करायला घेतलं तर नको म्हणू नका.